प्लायवूड कारखान्यातले पहिले सहा महिने: आधी पाणी शिका, लाकूड नंतर

हरियाणातल्या यमुनानगरच्या मंडीत पॉपलरचे ओंडके क्विंटलवर विकले जातात. सागवानासारखी टेप लावून घनफूट काढत नाहीत. भरलेली ट्रॉली वजनकाट्यावर चढते, मग रिकामी चढते, आणि मधल्या फरकाचे पैसे होतात. नुकत्याच तोडलेल्या पॉपलरमध्ये कोरड्या लाकडाच्या वजनाइतकं, बऱ्याचदा त्याहून जास्त पाणी असतं. म्हणजे शंभर किलो ओंडका घेतलात तर त्यातल्या पन्नासएक किलो पाण्याचे पैसे मोजलेत. प्लाय दाबण्याजोगं होईपर्यंत त्या शंभरचे चोपन्न किलो उरतात. बाकीचं पाणी बाहेर काढायला जळण लागतं, जागा लागते आणि माणसं लागतात.

मी पहिल्यांदा कारखान्यात लागलो तेव्हा मला वाटायचं, प्लायवूड म्हणजे लाकूड आणि गोंद. हा सगळा पाण्याचा हिशेब आहे हे कळायला एक पावसाळा आणि बरंच नुकसान लागलं. डिप्लोमा करून प्रॉडक्शनला लागणारी मुलं हल्ली फोन करून विचारतात, ‘सर, सुरुवात कुठून करू?’ घरची लाकडाची वखार असलेले आणि आता ‘आपणच शीट बनवू’ म्हणणारेही विचारतात. त्या दोघांसाठी हा क्रम लिहितोय. ज्या क्रमाने माल कारखान्यात फिरतो त्याच क्रमाने शिका. थेट प्रेसवर जाऊन उभे राहू नका.

आधी एवढा भूगोल

आपल्याकडे प्लायवूडचा धंदा वाढला तो आसामात, चहाच्या पेट्यांवर. कारखाने जंगलाच्या कडेला होते. १९९६च्या डिसेंबरात गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विनापरवाना आरागिरण्या आणि ईशान्येकडून बाहेर जाणारं लाकूड यांवर बंधनं घातली, आणि तिथला धंदा बसला. तोवर पंजाब, हरियाणा आणि उत्तर प्रदेशाच्या तराईत शेतकरी बांधावर पॉपलर लावू लागले होते. त्यांना ती सवय काडेपेटीवाल्या विमको कंपनीने लावली होती. कारखाने त्या झाडांमागे गेले. दक्षिणेत असाच गोतावळा केरळच्या पेरुंबावूरला आहे, तिथे रबराच्या झाडाचं लाकूड चालतं. परदेशी ओंडके उतरतात ते मुख्यतः कांडल्याला, म्हणून गांधीधाममध्ये आरागिरण्यांची रांग आहे.

आपलं महाराष्ट्राचं नाव सागवानात. आलापल्ली आणि बल्लारशाचा साग अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेला, हे वाचलं असेल. प्लायमध्ये मात्र आपण बनवणाऱ्यांपेक्षा वापरणारे जास्त.

या भूगोलातून नवख्याने एक गोष्ट उचलायची: तुमचा कच्चा माल जंगलातून येत नाही, शेतातून येतो. पॉपलर पाच-सात वर्षांत तोडायला येतो. भाव चढला की सगळे लावतात आणि सहा वर्षांनी सगळ्यांचा माल एकदम मंडीत येतो. कांद्याचं जे होतं तेच, फक्त हंगाम लांब. मालक सकाळी मंडीचा भाव विचारल्याशिवाय चहा का घेत नाहीत, ते यावरून समजेल.

पहिली पायरी: यार्डात उभं राहा

दोन आठवडे यार्डात काढा. मुकादमाच्या शेजारी उभं राहून ओंडक्यांची छाटणी बघा. उत्तरेत घेरानुसार ‘ओव्हर’, ‘अंडर’ आणि ‘सोकता’ असे ढीग पडतात आणि प्रत्येकाचा भाव वेगळा. ओव्हरमधून अखंड, रुंद पापुद्रा, म्हणजे प्लायचा एकेक पातळ थर, निघतो. बारीक ओंडक्यातून निघतात ते तुकडे, आणि ते जोडायला पुन्हा मजुरी.

ओंडक्याची टोकं बघायची सवय लावा. टोकाला ताऱ्यासारख्या चिरा पडल्या असतील तर माल शिळा आहे. पीलिंगला, म्हणजे ओंडका सोलून पापुद्रा काढायला, ओला माल हवा, कारण ओलं लाकूड पात्याखाली लोण्यासारखं सुटतं आणि वाळलेलं तुटतं, खरवडतं. म्हणून चांगला कारखाना ओंडका साठवून ठेवत नाही, आला तसा फिरवतो. उन्हाळ्यात ढिगावर पाणी मारतात ते याचसाठी. निलगिरी, तिकडच्या भाषेत सफेदा, जास्त जड आणि चिवट. त्याच्या चिरा आणखी लवकर उघडतात.

वखारीतून आलेल्यांसाठी थोडं विषयांतर. गोल लाकडाचं घनफूट काढताना आपण घेराचा चौथा हिस्सा घेतो, त्याचा वर्ग करतो, लांबीने गुणतो. ४८ इंच घेर आणि १० फूट लांबी असेल तर १२ गुणिले १२ गुणिले १०, भागिले १४४, म्हणजे १० घनफूट. त्याच ओंडक्याचं खरं आकारमान साडेबारा घनफुटांच्या थोडं वर भरतं. जवळजवळ २१ टक्के लाकूड हिशेबातच धरलेलं नाही, कारण गोलाचं चौकोनी करताना साल आणि कडा जाणारच, असं ही जुनी पद्धत आधीच मानून चालते. चिरलेल्या मालाला ही सूट नसते: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, गुणाकार भागिले १४४. सात फुटी, पाच बाय तीनचा चौकटीचा नग ०.७३ घनफूट होतो. गोल मालाचा भाव आणि चिरीव मालाचा भाव शेजारी ठेवून ‘एवढा फरक कसा’ म्हणणारा माणूस नवखा आहे, हे वखारवाला तिथेच ओळखतो.

दुसरी पायरी: पीलिंग

ओंडका ठरलेल्या लांबीचा कापतात, एका यंत्रावर फिरवून साल काढून गोल करतात आणि मग दुसऱ्यावर पेन्सिल शार्पनरमध्ये फिरावी तसा फिरवतात. लाकडाची अखंड पट्टी उलगडत जाते. शेवटी मनगटाहून बारीक दांडका उरतो, तो बॉयलरला जातो किंवा पेट्या-पॅलेट करणारे घेऊन जातात.

इथे बघायचं ते जाडीकडे. एकाच पापुद्र्याच्या दोन टोकांना मायक्रोमीटर लावा. जाडी सरकत असेल तर पातं बोथट आहे किंवा दाबपट्टीचं अंतर चुकलंय. पीलिंगवरचा हा छोटा फरक तेरा थरांत तेरा वेळा मोजला जातो आणि मग शीट एका कडेला १९ आणि दुसऱ्या कडेला १८ मिलिमीटर भरते. पात्याला धार लावणारा मिस्त्री हा कारखान्यातला सर्वांत कमी बोलणारा आणि सर्वांत महत्त्वाचा माणूस असतो. त्याच्याशी दोस्ती करा.

तिसरी पायरी: वाळवण

इथे महिनाभर थांबा. दोन महिने थांबलात तरी चालेल.

यमुनानगरच्या आसपास मोकळी मैदानं पापुद्र्यांनी झाकलेली दिसतात. कुर्डया-पापड घालावेत तसे पापुद्रे उन्हात मांडलेले, आणि बिहार, पूर्व उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबं ते उलटतायत. ऊन फुकट आहे म्हणून. जानेवारीतलं धुकं आणि जुलैतला पाऊस आला की उत्पादन बसतं. ज्यांच्याकडे बॉयलर आणि ड्रायर आहे ते तेव्हा कमावतात.

लाकडातलं पाणी दोन प्रकारचं असतं. धुतलेला कपडा आठवा. पिळल्यावर धार लागते ते एक, आणि पिळून झाल्यावरही कपडा दमट राहतो ते दुसरं. लाकडाच्या पेशींच्या पोकळीतलं पाणी आधी जातं, तोवर लाकूड आटत नाही. साधारण तीस टक्क्यांच्या खाली आलं की पेशींच्या भिंतींतलं पाणी निघू लागतं आणि तिथून लाकूड आटायला लागतं. रुंदीत भरपूर आटतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून ओला पापुद्रा कापताना रुंदीला जास्त ठेवतात. नवा सुपरवायझर ‘वाया जातंय’ म्हणून ते जास्तीचं कापायला लावतो आणि आठवड्याने सगळे थर तोकडे निघतात.

ओलाव्याचे टक्के कोरड्या वजनावर काढतात: ओलं वजन वजा कोरडं वजन, भागिले कोरडं वजन. म्हणून आकडा शंभरावर जाऊ शकतो. ओलावा मोजायचा मीटर बिघडला असं समजू नका. मीटरच्या दोन सुया टोचून येणारा आकडा पटापट काम करायला ठीक आहे, पण महिन्यातून एकदा तरी तुकडा ओव्हनमध्ये १०३ अंशांना वजन स्थिर होईपर्यंत वाळवून मीटर खरा बोलतोय का ते तपासा. फार ओल्या मालावर आणि गोंद लागलेल्या मालावर मीटर खोटं बोलतो.

प्रेसला जाताना पापुद्र्यात सहा ते दहा टक्के ओलावा हवा. फिनॉलचा गोंद असेल तर खालच्या बाजूला, युरियाचा असेल तर थोडा वर चालतो. माझ्या पहिल्या पावसाळ्यात मैदानावरचा माल दुपारच्या सरीत भिजला, संध्याकाळी ऑर्डर निघायची होती, आणि ‘वरून कोरडा दिसतोय’ म्हणून मी तो आत सोडला. मीटर खिशात होता. प्रेस उघडला तेव्हा एका वेळच्या सगळ्या शीट मधोमध भाकरीसारख्या फुगलेल्या. आत अडकलेल्या पाण्याची वाफ झाली, दाब सुटताच तिने थर फाडले. याला शॉप फ्लोअरवर ‘ब्लो’ म्हणतात. मालक ओरडले नाहीत. त्यांनी फुगलेली एक शीट माझ्या टेबलामागे भिंतीला टेकवून ठेवायला सांगितली आणि ती वर्षभर तिथेच होती.

चौथी पायरी: गोंद

रेझिनची, म्हणजे गोंद शिजवायची, केटल स्वतः चालवायच्या भानगडीत पहिल्या सहा महिन्यांत पडू नका. पण तीन नावं पक्की करा. युरिया-फॉर्मल्डिहाइड स्वस्त, पांढरट, घरातल्या कोरड्या कामाला. फिनॉल-फॉर्मल्डिहाइड लालसर-काळपट, उकळत्या पाण्याला टिकणारा. मधला मेलामाइन, युरियात मिसळून त्याची ताकद वाढवायला. फिनॉल महाग पडतो म्हणून त्यात काजूच्या टरफलाच्या तेलातून निघणारं कार्डेनॉल काही प्रमाणात घालतात. म्हणजे रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या काजू कारखान्यात जो चिकट काळा द्रव हात पोळवतो, त्याचाच नातेवाईक.

युरियाच्या गोंदात मैदा घालतात. होय, पुरीचा मैदा. त्याने गोंद दाट होतो आणि लाकडात शोषून नाहीसा होत नाही. पण मैदा गोंदापेक्षा स्वस्त, म्हणून तो हळूहळू वाढत जातो. नवीन पोतं कधी फुटलं आणि कधी संपलं, याची नोंद कुणी ठेवत नसेल तर तुम्ही ठेवायला लागा. मिश्रणाचा दाटपणा बघायला बी-फोर कप असतो: कप भरायचा, खालचं भोक उघडायचं आणि धार तुटेपर्यंतचे सेकंद मोजायचे. हार्डनर म्हणून अमोनियम क्लोराइड घातलं की घड्याळ सुरू. मे महिन्यात तेच मिश्रण सकाळपेक्षा दुपारी फार लवकर घट्ट होतं. जेवणाच्या सुट्टीत उरलेल्या गोंदात पाणी घालून तो पुन्हा चालवतात, ते पहिल्या दिवशी थांबवा. पुन्हा पाणीच, बघा.

डोळे चुरचुरले की तो फॉर्मल्डिहाइडचा वास. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४मध्ये तो माणसात कर्करोग करणारा ठरवला आहे. ‘सवय होते’ असं जुने लोक म्हणतील. सवय नाकाला होते. हवा खेळती ठेवा, मास्क कार्ट्रिजचा घ्या. कापडी रुमालाने वायू अडत नाही.

पाचवी पायरी: जुळवणी आणि प्रेस

थर एकाआड एक आडवे-उभे लावायचे, आणि एकूण विषम. आडव्या थराला ‘कोर’ म्हणतात, तो दोन्ही बाजूंनी गोंदाच्या रोलरमधून जातो. उभा तो ‘पॅनेल’, तो कोरडाच बसतो. लाकूड ज्या दिशेने आटतं-फुगतं, तिला शेजारचा थर अडवतो. प्लायची सगळी करामत एवढीच. समतोल बिघडला, म्हणजे एका बाजूला जाड थर आणि दुसऱ्या बाजूला पातळ, की शीट द्रोणासारखी वाकते.

जुळवणीच्या टेबलावर बसणारी माणसं किती सराईतपणे तुकडे जोडतात ते बघत राहावं. दोन तुकड्यांत फट राहिली तर ‘गॅप’, एकावर एक चढले तर ‘ओव्हरलॅप’. ही दोन्ही पापं वरून दिसत नाहीत. घरी सुताराचा स्क्रू फटीत गेला की दिसतात, आणि वरच्या सनमायकावर उठाव आला की दिसतात.

नंतर थंड प्रेस, मग गरम. गरम प्रेसच्या दोन पाटांमधल्या जागेला ‘डेलाइट’ म्हणतात. कुणी ‘दहा डेलाइटचा प्रेस’ म्हटलं की दहा जागा. युरियाला १०५-११० अंश, फिनॉलला १३०-१४० अंश, दाब चौरस सेंटीमीटरला दहा ते चौदा किलो, आणि वेळ ढोबळमानाने मिलिमीटरमागे एक मिनिट. शेवटच्या मिनिटांत दाब एकदम सोडायचा नाही, पायरीपायरीने सोडायचा, म्हणजे उरलीसुरली वाफ बाजूने निघून जाते. घाईत असलेला ऑपरेटर नेमका हाच वेळ वाचवतो.

वरचा चेहरा, ‘फेस’, पूर्वी गर्जन नावाच्या झाडाचा असायचा, म्यानमारमधून आलेला. म्यानमारने एप्रिल २०१४पासून गोल ओंडक्यांची निर्यात थांबवली, त्याआधी २०१०मध्ये गॅबनने थांबवली होती. मग आपल्या कंपन्यांनी तिकडेच पीलिंगची युनिटं टाकली आणि इथे येतो तो तयार पातळ फेस. बाजारात लाल रंगवलेला फेस ‘गर्जन’ म्हणून फिरतो. ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसा, रंग उतरला तर समजा.

सहावी पायरी: कड वाचायला शिका

प्रेसमधून आलेली शीट एक-दोन दिवस थप्पीत मुरू द्यायची, मगच कडा कापायच्या आणि सँडर मारायचा. कडा कापणाऱ्या यंत्राला सगळे ‘डीडी’ म्हणतात. तिथे हातमोजे घालून काम करू नका, मोजा पात्यात अडकला तर हात ओढला जातो. आणि सँडरची धूळ साठू देऊ नका, ती ठिणगीने भडकते.

आता शीटची कड बघा. थर सरळ रेषेत आहेत का? काळ्या फटी किती? फटी मातीच्या रंगाच्या पुटीने भरल्यात का? टिचकी मारत शीटभर फिरा, मध्येच आवाज बद्द झाला तर आत पोकळी आहे. दोन्ही कर्ण मोजा. आठ बाय चारची १९ एमएम शीट तीसएक किलो भरते. फारच हलकी लागली तर आत नुसता पॉपलर आणि फटी, फार जड लागली तर आधी मीटर लावा. ते वजन चांगल्या लाकडाचं असेल, नाहीतर पाण्याचं.

सातवी पायरी: प्रयोगशाळा आणि मार्क

साध्या प्लायचा मानक आयएस ३०३, मरीनचा आयएस ७१०, ब्लॉकबोर्डचा १६५९, फ्लश दाराचा २२०२, शटरिंगचा ४९९०. मरीनचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात राहून सुटता कामा नये. एमआर ग्रेडचा तुकडा ६० अंशांच्या पाण्यातच तपासतात. म्हणून गिऱ्हाईक ‘वॉटरप्रूफ आहे ना?’ विचारतं तेव्हा कुठला ग्रेड हे सांगा. एमआर म्हणजे दमट हवा सोसणारं, बाथरूममधलं नव्हे.

चाकूची चाचणी प्रत्येकाने हाताने करून बघावी. थराखाली चाकू घालून उचका. लाकडाचे तंतू फाटून आले तर गोंद लाकडापेक्षा मजबूत आहे. गुळगुळीत पापुद्रा सुटून आला तर गोंद बसलेलाच नाही.

केंद्राच्या गुणवत्ता नियंत्रण आदेशामुळे २०२५पासून प्लायवूडला आयएसआय मार्क सक्तीचा झाला आहे. छोट्या युनिटना थोडी जास्त मुदत मिळाली, पण स्वतःची चाचणीची सोय आणि नोंदवही यातून सुटका नाही. या विषयाचं रीतसर शिक्षण हवं असेल तर बंगळुरू. तिथली १९६२पासूनची प्लायवूड संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आता लाकूड विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेत विलीन झाली आहे.

युनिट टाकायचंच असेल तर

यंत्रांची कोटेशन मागवण्याआधी वन विभागात जा. लाकूड-आधारित उद्योगांसाठी केंद्राच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचना आहेत आणि परवानगी राज्यस्तरीय समितीमार्फत मिळते. जंगलाच्या हद्दीपासून जागा किती लांब आणि परिसरात कायदेशीर लाकूड किती मिळेल, हे बघतात. पीलिंग करणार की तयार पापुद्रे आणून नुसते दाबणार, यावर बरंच ठरतं. नवख्याने दुसरा रस्ता धरावा असं माझं मत आहे, कारण त्यात ओंडक्यांची डोकेदुखी आणि वाळवणाचं मैदान दोन्ही वाचतं. रेझिन स्वतः शिजवणार असाल तर प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि फॉर्मलिनचा साठा हे वेगळं प्रकरण. ओंडका गाडीत चढवण्याआधी वाहतूक परवाना लागतो का, हे त्या झाडाच्या जातीवर ठरतं. ड्रायव्हरच्या भरवशावर राहू नका.

आपल्याकडचा माल, आपल्याकडची हवा

यमुनानगरला आठ टक्क्यांवर बांधलेली शीट जुलैत चिपळूणच्या गोडाऊनला आली की हवेतलं पाणी पिऊन अठराच्या आसपास जाऊ पाहते. तीच मे महिन्यात नागपूरला ठेवली तर पाच-सहावर उतरते. शीट खराब नसते, ती हवा मोजत असते. त्यामुळे माल येताच खोलून लगेच विकायची घाई करू नका, आणि गिऱ्हाइकाच्या घरी गिलावा ओला असताना कपाटं ठोकायला देऊ नका.

गोडाऊनमध्ये जमिनीपासून चार इंच वर सपाट पट्ट्या टाका, सगळ्या एकाच पातळीत, पाच पट्ट्या एका शीटखाली. भिंतीपासून हातभर अंतर ठेवा. थप्पीवर सर्वांत वर एक टाकाऊ शीट ठेवा, बाहेरची हवा आधी तिला लागते. शीट उभ्या टेकवून ठेवू नका. आणि मीटर खिशात नका ठेवू, गळ्यात अडकवा.